डोक्याला हेल्मेट, मग पायाला काय?



या पानावर आम्ही नेहमी उसाविषयी लिहितो. लागण, खोडवा, पाण्याच्या पाळ्या, तोडणीचा प्रोग्रॅम हेच आपले विषय. या वेळी मात्र स्कूटरवर बसणाऱ्याच्या पायांविषयी लिहीत आहोत. "हा काय लिहायचा विषय झाला?" असे कोणी म्हणेल. शेवटपर्यंत वाचा आणि मग ठरवा.

कारखान्याच्या गेटवर शिफ्ट सुटतानाचे दृश्य आठवा. मिल हाऊस, बॉयलर, वर्कशॉप या ठिकाणी काम करणाऱ्या माणसाच्या पायात सेफ्टी बूट असतो. पायावर लोखंड पडू नये, गरम पाणी सांडू नये, म्हणून. आठ तास तो इमानाने बूट घालतो. शिफ्ट सुटली की बूट काढून ठेवतो, पायात स्लीपर सरकवतो आणि स्कूटरला किक मारून घरची वाट धरतो. म्हणजे यंत्र एका जागी उभे असते तिथे बूट, आणि शंभर किलोंच्या वरचे यंत्र आपल्यासकट रस्त्यावर पळते तिथे स्लीपर! कामगार बंधूंना नावे ठेवण्याचा आमचा हेतू नाही. आम्ही शेतकी खात्याची मंडळी ऊस नोंदीसाठी दिवसभर बांधाबांधाने गाडीवर फिरतो, आणि परवापरवापर्यंत आमच्याही पायात चपलाच होत्या.

आमचे डोळे उघडले ते मागच्या हंगामातल्या एका प्रसंगाने. आमच्याच गटातले एक सभासद, वय पन्नाशीच्या आतले. सोसायटीतून युरियाची गोणी घेतली, स्कूटरच्या फूटबोर्डवर आडवी टाकली आणि दिवेलागणीला मळ्याकडे निघाले. डोक्याला हेल्मेट होते. वेगही फार नव्हता. फडातून निघालेल्या ट्रॉलीच्या चाकांचा चिखल डांबरी रस्त्यावर पडलेला होता, त्यावर पुढचे चाक सरकले. गाडी उजव्या अंगाला पडली. डोक्याला खरचटलेसुद्धा नाही. पण स्लीपर कुठल्या कुठे उडाली आणि पाय गाडीखाली सापडून घासत गेला. एक बोट काढावे लागले, दोन बोटांच्या शिरा तुटल्या, टाचेची कातडी गेली. तीन महिने माणूस खाटेवर. सुरू लागणीचे दिवस हातचे गेले. रात्रीची लाईट आली की पाण्याला जायचे कोणी, म्हणून धाकट्या मुलाला कॉलेज बुडवून घरी बसावे लागले. आम्ही भेटायला गेलो तेव्हा ते म्हणाले, "साहेब, डोकं वाचलं हे खरं, पण शेतकऱ्याचं सगळं पायावरच असतंय की हो!"

हे वाक्य आमच्या मनात घर करून बसले. म्हणून ही माहिती गोळा केली.

स्कूटर आणि पाय

मोटारसायकलवर पाय उघडे असतात, स्कूटरवर पुढे पत्रा आणि खाली फूटबोर्ड असतो, तेव्हा स्कूटरवर पाय सुरक्षित, अशी आपली समजूत आहे. ती खरी नाही. इटलीत १९४६ साली व्हेस्पा स्कूटर निघाली. तिची रचना करणारे कोराडिनो दास्कानियो हे विमानांचे इंजिनिअर होते. साध्या कपड्यात बसता यावे, कपड्यांवर चिखल-तेल उडू नये, असा या रचनेचा फायदा होता. त्या पत्र्याचे काम चिखल आणि वारा अडवण्याचे. गाडी आडवी झाल्यावर तो पाय धरून ठेवत नाही. पाय बाहेर पडतो आणि गाडी त्याच्यावर येते.

आपल्याकडे १९७२ साली बजाज चेतक आली. तिला डाव्या मुठीत गिअर आणि उजव्या पायाखाली ब्रेक होता, म्हणजे पायाला निदान एक काम होते. आताच्या बहुतेक विनागिअरच्या आणि विजेवरच्या स्कूटरना दोन्ही ब्रेक हातात असतात. पायाला कामच उरले नाही, म्हणून पायाकडे लक्षही उरले नाही. त्यातच स्कूटरचे चाक मोटारसायकलपेक्षा लहान. खड्ड्यात ते जास्त खोल उतरते आणि मूठ हिसका खाते. अशा वेळी माणूस आधी काय करतो? पाय खाली टेकवतो. ताशी ४० किलोमीटरला गाडी सेकंदाला सुमारे ११ मीटर पुढे जाते. त्या वेगात टेकवलेला पाय गाडी थांबवत नाही. उलट घोटा मुरगळतो, नाहीतर मोडतो.

फूटबोर्डवर गोणी, दुधाचे कॅन किंवा गॅसची टाकी असली तर पाय दोन्ही बाजूंना बाहेर लोंबतात. युरियाची गोणी आता ४५ किलोंची. वळणावर ती सरकली की आधी तोल जातो, आणि बाहेर आलेले पाय समोरून येणाऱ्या गाडीच्या, कठड्याच्या किंवा ट्रॉलीच्या हुकाच्या तडाख्यात सापडतात. अशी वाहतूक करूच नये हे उत्तम.

पायाची इजा लवकर का भरत नाही?

आपल्या एकेका पावलात २६ हाडे असतात. त्यांवर मांसाचे आवरण थोडे. नडगीच्या पुढच्या बाजूला तर हाड आणि कातडी यांच्यामध्ये मांस जवळजवळ नाहीच, म्हणून तिथली जखम भरायला वेळ लागतो. टाचेखालची कातडी जाड आणि गादीसारखी असते. ती एकदा निघाली की दुसरीकडची कातडी लावून तशीच टाच पुन्हा तयार होत नाही.

मधुमेह असलेल्या सभासदांनी तर जास्तच जपावे. या आजारात पायाची संवेदना कमी होते. बोट सोलले तरी कळत नाही आणि लहानशी जखम चिघळून पाय काढण्यापर्यंत वेळ येऊ शकते. साखर आपण कारखान्यात तयार करतो, पण रक्तातली साखर आपल्याला परवडत नाही, हे ध्यानात असू द्या.

बूट कसला असावा?

युरोपात मोटारसायकलस्वारांच्या बुटासाठी ईएन १३६३४ हे वेगळे मानक आहे. बूट रस्त्यावर घासला तर किती टिकतो, धारेने किती कापला जातो आणि बाजूने दाबला तर किती चेपतो, हे त्यात तपासतात. असे खास बूट आपल्या शहरांतही मिळतात, पण महाग असतात. प्रत्येकाने तेच घ्यावेत असे आम्ही म्हणणार नाही. रोजच्या गाव-मळा-कारखाना फेऱ्यांसाठी घोट्यापर्यंत येणारा चामड्याचा सेफ्टी बूट चपलेपेक्षा कितीतरी बरा. डीएपीच्या एक-दोन गोण्यांच्या पैशात तो येतो. त्यावर आयएसआय मार्क आणि आयएस १५२९८ हा क्रमांक पाहून घ्या. या मानकाप्रमाणे सेफ्टी बुटाच्या पुढच्या टोपीला २०० ज्यूलचा मार सोसावा लागतो. सोप्या भाषेत सांगायचे तर २० किलोंचे वजन सुमारे एक मीटर उंचीवरून बोटांवर पडले तरी टोपी टिकली पाहिजे. मात्र हा बूट कारखान्याच्या कामासाठी केलेला आहे, रस्त्यावर घासत जाण्यासाठी तपासलेला नाही, हेही लक्षात असू द्या.

दुकानात गेल्यावर एवढे पाहा:

१) घोट्याची दोन्ही हाडे बुटाच्या आत झाकली गेली पाहिजेत. घोट्याखाली संपणारा बूट अर्धेच काम करतो.

२) टाचेची बाजू अंगठ्याने दाबून पाहा. ती सहज आत गेली तर बूट कच्चा.

३) दोन्ही हातांनी धुणे पिळल्यासारखा बूट पिळून पाहा. मग रुंद भागावर दोन्ही बाजूंनी दाबा. तळ दुमडला तर गाडीखाली पायही तसाच दुमडेल.

४) तळाला खाचा असाव्यात. ओल्या फरशीवर आणि चिखलात गुळगुळीत तळ घसरतो.

५) नाडी घट्ट बांधता आली पाहिजे. उरलेली टोके बुटात खोचा, नाहीतर ती किकमध्ये किंवा ब्रेकमध्ये अडकतात. बांधल्यावर बूट ओढून पाहा. हाताने ओढून निघतो तो पडताना आधी निघेल.

६) बूट संध्याकाळी घ्यावा, कारण दिवसभरात पाय थोडा फुगतो. मोजे घालूनच मापून पाहा.

गमबुटाविषयी विचारणा होते. पाणी पाजताना, ओल्या सरीत तो चांगलाच. पण गाडीवर तो ढिला पडतो, घोट्याला आधार देत नाही आणि ओढला की निघतो. मळ्यावर ठेवावा, तिथे बदलावा. आपली कोल्हापुरी पायताणे लग्नकार्यात जरूर मिरवा, पण गाडीवर ती नकोत. चामड्याचा तळ ओल्यात घसरतो आणि वरून पाऊल उघडेच राहते.

मोटारसायकलवाल्यांसाठी एक सूचना. जाड टोपीचा बूट कधीकधी गिअरच्या दांडीखाली जात नाही. मेकॅनिककडून दांडी थोडी वर करून घ्या. सायलेन्सरचा चटकाही या बुटाने टळतो.

मागे बसणाऱ्या भगिनी आणि मुले

चालवणाऱ्याने बूट घातला आणि मागे बसलेल्या घरच्या माणसांच्या पायात साध्या चपला, असे होऊ नये. एका बाजूला बसणाऱ्या भगिनींची दोन्ही पावले रहदारीकडे उघडी असतात. त्यांनी निदान पूर्ण पाऊल झाकणारे, नाडीचे बूट वापरावेत आणि साडीचा पदर व काठ आवरून बसावे. केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ मधील नियम १२३ प्रमाणे मोटारसायकलच्या मागच्या चाकाचा निम्मा भाग झाकणारे संरक्षण असावे लागते. आपण त्याला साडीगार्ड म्हणतो. गाडी देखणी दिसावी म्हणून ते काढून टाकणारी तरुण मंडळी आम्ही पाहतो. मागे बसलेल्या मुलाची टाच चाकाच्या तारांत जाते ती अशाच गाडीवर. ज्या मुलाचे पाय फूटरेस्टवर टेकत नाहीत, त्याला मागे बसवू नये.

आडव्या येणाऱ्या शंका

"उन्हाळ्यात बुटात पाय शिजतो." खरे आहे. सुती मोजे वापरा, रोज बदला, मळ्यावर पोहोचलात की बूट काढून उन्हात ठेवा. घामाचा त्रास धुऊन जातो, तुटलेले बोट परत येत नाही.

"सारखे घाला-काढा कोण करणार?" देवळात, घरात, पतसंस्थेत काढावे लागतात हे मान्य. त्यासाठी बाजूला चेन असलेले बूट मिळतात.

"कायदा तर फक्त हेल्मेटचा आहे." बरोबर. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम १२९ मध्ये हेल्मेट सांगितले आहे, मागे बसणाऱ्यालासुद्धा. बुटाचा उल्लेख नाही. २०१९ साली चप्पल घालून गाडी चालवल्यास दंड होतो अशी अफवा पसरली होती. केंद्रीय वाहतूक मंत्र्यांच्या कार्यालयाने तेव्हाच असा दंड नसल्याचा खुलासा केला. पण दंड नाही म्हणजे धोका नाही असे थोडेच आहे? बांधावर साप असतो, त्यालाही कायदा नाही. तरी आपण बॅटरी घेऊनच जातो.

पाय दुखावलाच तर

वाहत्या स्वच्छ पाण्याने जखम धुवा, स्वच्छ कापडाने दाबून धरा. हळद, माती, चुना, गाडीचे ऑईल यांपैकी काहीही लावू नका. घोटा सुजला, पाय टेकवेना, तर चोळू नका, ओढू नका. आहे त्या स्थितीत आधार देऊन दवाखान्यात न्या. चाकात पाय अडकला तर चाक फिरवून ओढू नका, गरज पडल्यास तारा कापा. तुटलेले बोट स्वच्छ ओल्या कापडात गुंडाळून प्लॅस्टिकच्या पिशवीत घाला आणि ती पिशवी बर्फात ठेवा. बोटाला थेट बर्फ लावू नका. सायलेन्सरचा चटका बसला तर वीस मिनिटे गार पाणी सोडा. रस्त्यावरच्या जखमेला धनुर्वाताचे इंजेक्शन डॉक्टरांना विचारून घ्याच. रुग्णवाहिकेसाठी १०८ नंबर फिरवावा.

शेवटी एकच. हंगाम सुरू आहे. रस्त्यावर ट्रॉल्यांचा चिखल आहे, पडलेला ऊस आहे, पाचट आहे, अंधारात बैलगाड्या आहेत. आमच्या शेतकी खात्यातल्या सर्वांनी बूट घालूनच गाडीवर बसायचे ठरवले आहे. आमच्यापैकी कोणी चपलेवर दिसला तर सभासदांनी खुशाल हटकावे, आम्हाला राग येणार नाही. आणि आम्ही आपल्याला हटकले, तर आपणही मानून घ्यावे.