चेंडू लागला, थर कोसळला, जबाबदार कोण?

कबड्डीत चढाईला आलेल्या गड्याला चौघे मिळून जमिनीवर आडवा करतात. हेच भररस्त्यात केलं तर पोलीस ठाणं गाठावं लागेल. मैदानात त्याचा गुण मिळतो. कायदा ही सूट कशाच्या आधारावर देतो आणि ती कुठे संपते, हे खेळाडूंना, त्यांच्या आईवडिलांना आणि मंडळाच्या कार्यकर्त्यांना माहीत असायलाच हवं. दर दहीहंडीला जखमी गोविंदांना रुग्णालयांत न्यावं लागतं आणि ‘खेळात असं व्हायचंच’ एवढ्यावर विषय मिटवला जातो. कायद्याच्या दृष्टीने तो तिथे मिटत नाही.

सुटीचा आधार आहे संमती. जुन्या दंड संहितेतलं कलम ८७ आता भारतीय न्याय संहितेत कलम २५ झालं आहे, आणि १८६० सालापासून त्यात असलेलं एक उदाहरण नव्या कायद्यानेही ठेवलं आहे. दोघं जण करमणूक म्हणून तलवारबाजी खेळायचं ठरवतात. खेळायचं ठरवलं, यातच गैरप्रकार न होता जो मार लागेल तो सोसण्याची संमती आली. नीट खेळताना एकाकडून दुसऱ्याला इजा झाली, तर तो गुन्हा नाही.

उदाहरण छोटं आहे, पण कलमातल्या अटी काळजीने वाचाव्यात. संमती देणारा अठरा वर्षांहून मोठा हवा. मृत्यू किंवा गंभीर दुखापत घडवण्याचा हेतू नको, आणि आपल्या कृतीने तसं होण्याचा संभव आहे ही जाणीवही नको. शिवाय खेळ सचोटीचा हवा. उसळता चेंडू फलंदाजाच्या हेल्मेटवर आदळला, तर तो या चौकटीत बसतो. बाद दिल्याच्या रागाने त्याच फलंदाजाने यष्टी उपटून गोलंदाजाच्या डोक्यात घातली, तर तो सरळ मारहाणीचा गुन्हा आहे. मैदान, पंच, स्पर्धा यांतलं काहीही त्याला वाचवत नाही.

अवघड असतो तो मधला प्रदेश. फुटबॉलमध्ये नियमाबाहेर जाऊन पाय आडवा घातला, समोरच्याचं हाड मोडलं. नियम मोडला म्हणजे लगेच गुन्हा झाला असं नाही, कारण अशा चुका खेळात होणार हे दोघांनाही ठाऊक असतं आणि त्यासाठी लाल कार्ड आहे. न्यायालय पाहतं ते असं : चेंडू खेळात होता का, धडक चेंडूसाठी होती की माणसासाठी, आणि अंगावर जाणाऱ्याला परिणामांची फिकीर होती का. इंग्लंडमध्ये १८७८ साली एका फुटबॉल सामन्यात पोटात गुडघा लागून खेळाडू दगावला. धडक देणारा निर्दोष सुटला, पण न्यायाधीश ब्रॅमवेल यांनी ज्यूरीला बजावलं की देशाच्या कायद्याने जे बेकायदा आहे, ते कोणत्याही खेळाचा नियम कायदेशीर करू शकत नाही. हे तत्त्व आजही तितकंच खरं आहे.

इथवर खेळाडू आणि खेळाडू यांच्यातलं झालं. माझ्या मते खरी जबाबदारी याच्या पुढे सुरू होते आणि नेमकी तिचीच चर्चा होत नाही. खेळाडू संमती देतो ती खेळातल्या धोक्याला. आयोजकाच्या ढिसाळपणाला त्याने संमती दिलेली नसते.

ढिसाळपणा ठरवायचा कसा? आपल्याकडे नुकसानभरपाईचा हा कायदा बराचसा निकालांतून घडलेला आहे आणि आपली न्यायालयं इंग्रजी निकालांचाही आधार घेतात. त्यातला १९५१ चा ‘बोल्टन विरुद्ध स्टोन’ हा निकाल प्रसिद्ध आहे. मँचेस्टरजवळच्या एका क्लबच्या मैदानातून चेंडू कुंपण ओलांडून रस्त्यावरच्या बाईंना लागला. तिथलं कुंपण खेळपट्टीपासून मोजलं तर १७ फूट उंच होतं, आणि सुमारे तीस वर्षांत जेमतेम सहा वेळा चेंडू तिथून बाहेर गेला होता. इतका क्षीण धोका पत्करणं म्हणजे निष्काळजीपणा नव्हे, असा निर्णय झाला. १९७७ मध्ये लिंट्झ या गावी मात्र चेंडू शेजारच्या घरांवर वारंवार येऊन पडत होते. तिथे क्लबला भरपाई द्यावी लागली, खेळ बंद झाला नाही. म्हणजे अपघाताची शक्यता किती, झाला तर इजा किती मोठी आणि ती टाळायला खर्च किती, हे तिन्ही एकत्र तोलायचं.

हा तराजू घेऊन मुंबईच्या मैदानांकडे पाहा. एका सामन्याचा क्षेत्ररक्षक दुसऱ्या सामन्याच्या यष्ट्यांजवळ उभा असतो. २०२४ च्या जानेवारीत माटुंग्याच्या मैदानावर असाच शेजारच्या सामन्यातला चेंडू डोक्याला लागून एका खेळाडूचा जीव गेला. त्याने स्वतःच्या सामन्याचा धोका पत्करला होता. पाठीमागून येणाऱ्या परक्या चेंडूचा नव्हे.

दहीहंडीत हाच प्रश्न थरांच्या उंचीएवढा मोठा होतो. मुंबई उच्च न्यायालयाने २०१४ मध्ये हंडीची उंची २० फुटांवर आणली आणि अठरा वर्षांखालच्यांना मनाई केली. सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये हे निर्बंध सैल करायला नकार दिला. मग प्रकरण परत उच्च न्यायालयाकडे आलं. २०१७ मध्ये उंचीची मर्यादा गेली, आणि चौदा वर्षांखालची मुलं थरांत नसतील ही राज्य सरकारची हमी न्यायालयाने नोंदवून घेतली. पण कलम २५ ची संमती अठरानंतरचीच आहे. पंधरा-सोळा वर्षांच्या एक्क्याला, म्हणजे सर्वांत वरच्या गोविंदाला, वर चढवताना ‘तो स्वतःहून आला’ हे उत्तर म्हणूनच टिकत नाही. निष्काळजीपणाने मृत्यू ओढवला तर कलम १०६ खाली पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते, आणि गंभीर दुखापतीला कलम १२५ आहे.

‘अपघात झाल्यास आयोजक जबाबदार नाहीत’ असा फलक किंवा अर्ज या जबाबदारीला पुसत नाही. फौजदारी गुन्ह्यातून असा कागद कुणालाच सोडवत नाही. अठरा वर्षांखालच्या मुलाने केलेला करार तर १९०३ च्या प्रिव्ही कौन्सिलच्या निकालापासून मुळातच रद्दबातल मानला जातो. विम्याचं आणि सरकारी मदतीचंही तेच. २०२२ मध्ये सरकारने गोविंदाच्या मृत्यूसाठी १० लाखांची मदत जाहीर केली आणि ती हवीच होती. पण कुटुंबाला पैसे मिळाले म्हणून गाद्या न अंथरणारा, दोर न बांधणारा, रुग्णवाहिका न ठेवणारा आयोजक मोकळा होत नाही.

म्हणून पथकात नाव घालण्याआधी किंवा मुलाला शिबिराला पाठवण्याआधी हे विचारा : डोक्याला हेल्मेट आणि वरच्या थराला दोर आहे का, डॉक्टर कोण आहे, विमा कुणाच्या नावे आहे. उत्तरं लेखी घ्या. दुर्दैवाने काही घडलंच, तर जागेचे फोटो, रुग्णालयाचे कागद आणि साक्षीदारांची नावं त्याच दिवशी जमवा. पैसे भरून घेतलेल्या सेवेत इजा झाली असेल तर ग्राहक आयोगाकडे दोन वर्षांच्या आत तक्रार करावी लागते. मृत्यू झाला असेल तर वारसांना भरपाईच्या दाव्यासाठीही मुदत दोनच वर्षांची आहे.