मिठाचा भाऊबंद

‘लिथियम? ते तर मोबाइलच्या बॅटरीत असतं. ते खायचं?’ मानसोपचारतज्ज्ञाची चिठ्ठी हातात पडली की घरात पहिली शंका हीच निघते. मूलद्रव्य तेच, पण गोळीत असतो लिथियम कार्बोनेट, म्हणजे एक क्षार. बॅटरीची धास्ती एवढ्यावरच सोडून द्यावी.

मला जास्त काळजी वाटते ती उलट्या समजाची: ‘खनिजच ते, नैसर्गिक, चिमूटभर घेतलं तर बिघडलं कुठे?’ हे अमेरिकेने करून पाहिलं आहे. 1929 साली आलेल्या सेव्हन-अपमध्ये सुरुवातीला लिथियम सायट्रेट असे. पुढे पथ्याच्या रुग्णांना मिठाऐवजी लिथियम क्लोराइड मिळू लागलं, काही जण दगावले आणि 1949 साली ते बाजारातून उठलं. नेमक्या त्याच वर्षी ऑस्ट्रेलियात जॉन केड यांनी उन्मादाच्या दहा रुग्णांवरचा गुण प्रसिद्ध केला. त्यांचा पहिला रुग्ण सुधारून घरी गेला खरा; पण 1950 साली लिथियमच्याच विषबाधेने वारला.

औषध आणि विष यांत इथे बोटभरच अंतर. रक्तात साधारण 0.6 ते 1.0 मिलिमोल प्रतिलिटर लिथियम हवं, 1.5 च्या पुढे धोका. म्हणून डॉक्टर पुन्हा पुन्हा रक्त तपासायला लावतात. त्याला ‘लॅबचं कमिशन’ म्हणणं अन्यायाचं आहे.

‘मीठ कमी केलेलं केव्हाही चांगलं’ हेही इथे लागू नाही. लिथियम हा सोडियमचा भाऊबंद. मूत्रपिंड दोघांना बऱ्याच अंशी सारखंच वागवतं. जेवण एकदम अळणी केलं, जुलाब लागले, मे महिन्यात घामाघूम झालो किंवा निर्जळी उपास धरला, की मूत्रपिंड सोडियम धरून ठेवतं आणि त्याबरोबर लिथियमही. अंगदुखीवर सहज घेतलेली आयबुप्रोफेनची गोळीही पातळी चढवते. हात जोरात थरथरू लागले, उलट्या-जुलाब सुरू झाले, जीभ जड झाली, तोल जाऊ लागला तर लगेच डॉक्टर गाठावा.

राहता राहिलं पाणी. टेक्ससच्या 27 काउंटींच्या 1990 मधल्या अभ्यासात, पाण्यात लिथियम जास्त तिथे आत्महत्या कमी दिसल्या. डेन्मार्कमध्ये 22 वर्षांच्या नोंदी तपासल्या, तेव्हा असा फायदा आढळला नाही. शिवाय हिशेब करून पाहा. 300 मिलिग्रॅमच्या एका गोळीत निव्वळ लिथियम साधारण 56 मिलिग्रॅम. लिटरमागे 100 मायक्रोग्रॅम लिथियम असलेल्या पाण्यातून तेवढं मिळवायचं, तर गच्चीवरची हजार लिटरची टाकी निम्म्याहून अधिक प्यावी लागेल.