मासा आजारी पडला, दोष कुणाचा?

2004 साली नॅनोविज्ञानाच्या वर्तुळात एका माशाने खळबळ उडवली. डॅलसच्या सदर्न मेथडिस्ट विद्यापीठातल्या एव्हा ओबरडोर्स्टर यांनी लार्जमाउथ बास जातीची पिल्लं 48 तास फुलरीन मिसळलेल्या पाण्यात ठेवली. प्रमाण किरकोळ, दहा लाख भागांत अर्धा भाग, म्हणजे 0.5 पीपीएम. तरी पिल्लांच्या मेंदूतल्या मेदाला इजा झाली. टाकीतलं पाणी मात्र उलट नितळ झालं! जिवाणूही मेले असावेत, असा अंदाज निबंधात नोंदवला गेला. बातमी झाली नसती तरच नवल.

खरी गोष्ट मात्र मासे टाकीत सोडण्याआधीच घडली होती. फुलरीन म्हणजे 60 कार्बन अणूंचा पोकळ गोळा. तो पाण्यात विरघळत नाही म्हटलं तरी चालेल. म्हणून त्या काळी प्रयोगशाळांत एक युक्ती चालायची. आधी टेट्राहायड्रोफ्युरान, म्हणजे टीएचएफ, या द्रावकात फुलरीन विरघळवायचं, ते पाण्यात ओतायचं आणि मग टीएचएफ उडवून लावायचं. हाती यायचं छान पिवळसर पाणी. दिसायला द्रावण, प्रत्यक्षात बेसन घाईत कालवल्यावर होतात तशा गुठळ्या, फक्त डोळ्यांना न दिसणाऱ्या. पण टीएचएफ पुरतं उडालं होतं का?

2006 मध्ये झू आणि मेरी हाश यांच्यासोबत स्वतः ओबरडोर्स्टर यांनीच दोन पद्धती समोरासमोर ठेवल्या. टीएचएफ वापरून केलेल्या पाण्यात 0.8 पीपीएमलाच निम्मे डॅफ्निया (पाण्यातले पिसू) मेले. नुसतं पाण्यात ढवळून ढवळून तयार केलेल्या फुलरीनने मात्र 35 पीपीएमलाही निम्मे मेले नाहीत. पुढच्याच वर्षी टेनेसी विद्यापीठातल्या गटाने झेब्राफिशच्या पिल्लांची जनुकं तपासली आणि बोट टीएचएफच्या विघटनातून बनणाऱ्या गॅमा-ब्युटिरोलॅक्टोनकडे वळलं. आरोपी फुलरीन होतं, पुरावे द्रावकाविरुद्ध निघाले.

द्रावकाचा निकाल लागला तरी गुठळ्यांचा प्रश्न उरलाच. या गुठळ्यांवर ऋण विद्युतभार असतो, म्हणून त्या एकमेकींना दूर लोटतात. पाण्यात मीठ आलं की हा दुरावा संपतो. मायकेल फॅरडेने 1857 मध्येच हे सोन्याच्या बाबतीत नोंदवलं होतं: त्याचं माणकासारखं लाल सुवर्णजल मीठ पडताच निळं व्हायचं. येल विद्यापीठात चेन आणि एलिमेलेक यांनी 2006 मध्ये फुलरीनचं गणित मांडलं. गुठळ्या झपाट्याने जमायला सोडियम क्लोराइड लिटरला 120 मिलिमोल लागलं, कॅल्शियम क्लोराइड फक्त 4.8. समुद्राच्या पाण्यात एकट्या कॅल्शियमचंच प्रमाण 10 मिलिमोलच्या आसपास असतं. म्हणजे नदीतून सुखरूप आलेला कण खाडीत पोचला की त्याच्या गुठळ्या होऊन तळाला बसण्याचीच शक्यता जास्त. नदीत त्याला तारून नेतात ती कुजलेल्या पानांतली ह्युमिक आम्लं; ती कणावर चढून बसतात आणि त्याला इतरांपासून लांब ठेवतात. पण कॅल्शियम फार वाढलं, की हीच आम्लं पूल बांधून कणांना जोडूही लागतात.

लोखंडाची रड वेगळी. दूषित भूजल स्वच्छ करायला जमिनीत सोडलेले लोहाचे नॅनोकण चुंबकीय ओढीने आपापसांतच चिकटतात आणि दूषित पाण्यापर्यंत पोचण्याआधीच मातीत अडकतात. 2008 मध्ये यावर एक उतारा प्रसिद्ध झाला: गवारगम! आपल्याकडच्या गवारीच्या बियांतला तोच डिंक. त्याचा लेप लागला की कण एकमेकांना चिकटेनासे झाले.

आता या क्षेत्रातले परीक्षक निबंध हाती आला की विषारीपणाचे आलेख नंतर पाहतात. आधी विचारतात, पाणी कसं तयार केलंत? 2017 मध्ये ओईसीडी या आंतरराष्ट्रीय संघटनेने कण पाण्यात किती टिकतात हे तपासण्याची प्रमाण चाचणीच ठरवून दिली. तिच्यात आम्लता, कॅल्शियम आणि नैसर्गिक सेंद्रिय पदार्थ बदलून पाहावे लागतात. 2004 च्या त्या बातमीत माशाबद्दल पुष्कळ होतं. विचारायचं होतं ते पाण्याबद्दल.