गाळाच्या थरांची साक्ष

इतिहासाचा अभ्यासक कागदपत्रे, शिलालेख आणि नाणी यांच्या साक्षीने भूतकाळ जाणतो. ज्या काळी माणूसच नव्हता, त्या काळाची साक्ष गाळाचे थर देतात. सुमात्रा बेटाच्या पश्चिमेचा समुद्र हे त्याचे उत्तम उदाहरण होय.

तेथे हिंदी महासागराच्या तळाचा भूपट्ट वर्षाला सुमारे ५ सेंटिमीटर वेगाने सुमात्राखाली सरकतो. त्याच्या पाठीवरील गाळ खरवडला जाऊन साचतो व उंच कडा तयार होते. सिमेउलुए, नियास, मेंतावाई ही बेटे म्हणजे या कड्याची पाण्याबाहेर आलेली शिखरे. हा कडा आणि सुमात्राची ज्वालामुखी पर्वतरांग यांच्या मधल्या सागरी द्रोणीस भूशास्त्रात ‘फोरआर्क बेसिन’ म्हणतात. कडा बांधासारखा उभा असल्याने नद्यांनी आणलेला गाळ येथे अडतो.

गाळ कोठे व कसा साचेल, हे दोन गोष्टी ठरवतात. पहिली भूहालचाल. तळ खचला की गाळाला जागा मिळते. कडा उचलला की बांध उंचावतो व थर कलतात. २८ मार्च २००५ च्या भूकंपात नियासचा किनारा काही ठिकाणी जवळजवळ ३ मीटर वर आला, तर सुमात्राच्या बाजूची बन्याक बेटे खचली. दुसरी गोष्ट समुद्रपातळी. सुमारे २० हजार वर्षांपूर्वी, हिमयुगात, ती आजच्याहून सुमारे १२० मीटर खाली होती. अशा काळी नद्या समुद्रबूड जमिनीच्या कडेपर्यंत पोहोचतात आणि वाळू खोल तळाकडे घसरते. पातळी वाढली की वाळू किनाऱ्याजवळच राहते. तळावर मुख्यतः बारीक चिखल बसतो.

मग बदल कशामुळे झाला, हे कसे ओळखावे? हिमयुगासारख्या कारणाने झालेला समुद्रपातळीचा बदल जगभर एकाच सुमारास उमटतो. म्हणून दूरदूरच्या द्रोणींतील समकालीन थर ताडून पाहतात. भूहालचाल स्थानिक असते. कललेल्या, झिजलेल्या थरांवर नवे आडवे थर दिसले, तर जमीन हलली असे समजावे. एकाच साक्षीवर निकाल देता येत नाही.

हे ज्ञान केवळ विद्वानांपुरते नाही. सिमेउलुएच्या लोकांनी १९०७ च्या त्सुनामीची आठवण ‘स्मोंग’ या शब्दात जपली : जमीन जोराने हादरली, समुद्र मागे हटला, की डोंगर गाठायचा. म्हणूनच २६ डिसेंबर २००४ रोजी सुमारे ७८ हजार वस्तीच्या त्या बेटावर अवघे ७ जण दगावले. माणसाची स्मृती काही पिढ्यांची, गाळाची लक्षावधी वर्षांची. तीही वाचावयास शिकविणे, हे शाळेचे काम आहे.