जरा आणि वार्धक्य

‘जरा’ आणि ‘वार्धक्य’ हे दोन शब्द आपण सहसा एकाच अर्थाने योजतो. तथापि त्यांचे मूळ पाहिले असता दोहोंतील अंतर ध्यानात येते, आणि घरातील वडीलधाऱ्यांकडे आपण कोणत्या दृष्टीने पाहतो, हा प्रश्नही उभा राहतो.

‘जरा’ हा शब्द संस्कृतातील ‘जॄ’ या धातूपासून आला. त्याचा अर्थ झिजणे, क्षीण होणे. जीर्ण, जर्जर हे शब्द त्याच कुळातले. वस्त्र जीर्ण होते, जुन्या चर्चचा जीर्णोद्धार होतो. दृष्टी मंदावणे, गुडघे न वळणे, स्मरण दगा देणे ही सारी जरेची लक्षणे होत. आयुर्वेदाच्या आठ अंगांत जराचिकित्सेला स्वतंत्र स्थान आहे ते याचसाठी.

‘वार्धक्य’ हा शब्द मात्र ‘वृद्ध’ या शब्दावरून सिद्ध झाला, आणि त्याचा धातू ‘वृध्’ म्हणजे वाढणे. ‘वृद्धी’ हा शब्दही त्याचाच. म्हणजे वृद्ध याचा मूळ अर्थ वाढलेला. ज्ञानाने वाढलेला तो ज्ञानवृद्ध, तपाने वाढलेला तो तपोवृद्ध. तेथे वयाची अट नाही. ‘रघुवंशा’च्या पहिल्या सर्गात कालिदासाने राजा दिलीपाचे वर्णन करताना हे दोन्ही अर्थ वेगळे केले आहेत. धर्मनिष्ठ दिलीपाला जरेवाचूनच वृद्धत्व लाभले होते, असे तो म्हणतो. आपण कधी उपेक्षेने उच्चारतो तो ‘म्हातारा’ हा शब्दही ‘महत्तर’, म्हणजे अधिक मोठा, यावरून आला आहे.

हा भेद विसरला की आपले वागणे अपुरे पडते. आईवडिलांना औषध, चष्मा आणि काठी आणून दिली की कर्तव्य संपले, असे आपणांस वाटते. ही सेवा आवश्यकच आहे, परंतु ती जरेची सेवा झाली. वार्धक्याची अपेक्षा निराळी असते. नातीचे लग्न ठरताना, जमिनीचा व्यवहार करताना, घर बांधताना आपले मत कोणी विचारावे, एवढीच ती अपेक्षा. पुष्कळ घरांत वडीलधाऱ्यांना निर्णय कळतो तो सर्व काही ठरल्यानंतर.

आणि ज्यांची स्मृतीच जरेने हिरावून नेली, त्यांचे काय? त्यांनी आयुष्यभर जे वाढवले, ते घर, ती शेती, ती माणसे आजही उभी आहेत. त्यांना आपले नाव आठवत नसले, तरी त्यांचे नाव आपण आदरानेच घेतले पाहिजे.