‘याचं बरं आहे ना बे!’ : छंदाचं करिअर करणाऱ्यांचा हेवा का वाटतो? समजून घ्या

वर्धा : दिवाळीच्या सुट्टीत इंजिनीअरिंगचे आम्ही चार जुने वर्गमित्र सेवाग्राम रस्त्यावरच्या चहाच्या टपरीवर भेटलो. एकाने मोबाइलवर रील लावली. बोर व्याघ्र प्रकल्पातली सकाळ, धुकं आणि रस्ता ओलांडणारी वाघीण. रील आमच्याच बॅचच्या एका मित्राची होती. चार वर्षांपूर्वी त्याने पुण्यातली नोकरी सोडली आणि कॅमेरा हाती घेतला.

“याचं बरं आहे ना बे!” वीज कंपनीत नोकरी करणारा मित्र म्हणाला. तो कॉलेजात असताना तबला उत्तम वाजवायचा. मग माझ्याकडे वळून म्हणाला, “तुझंही बरंच आहे. लिहायची आवड होती, तेच काम मिळालं.”

मी काही बोललो नाही. त्या आठवड्यात मी सोन्याच्या भावावर सहा आणि पावसाच्या अंदाजावर नऊ बातम्या केल्या होत्या. कॉलेजात असताना कथा लिहायचो. शेवटची कथा कधी लिहिली, ते आठवून पाहावं लागलं. आणि खरं सांगायचं तर, ती रील पाहताना मलाही त्या मित्राचा हेवा वाटत होता.

ही भावना नेमकी काय आहे? ती वाईट आहे का? आणि तिच्या भरात नोकरी सोडावी का? समजून घेऊ.

हेवा आणि मत्सर एकच का?

नाही. हा फरक मराठीला फार पूर्वीपासून माहीत आहे. “मला तुझा हेवा वाटतो” हे आपण मित्राला तोंडावर, हसत सांगतो. “मला तुझा मत्सर वाटतो” असं कुणी सांगत नाही. मत्सराची गणना थेट षड्रिपूंमध्ये होते.

मानसशास्त्रातही हीच विभागणी आहे. नेदरलँड्सचे संशोधक नील्स व्हॅन डे व्हेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००९ मध्ये यावर अभ्यास प्रसिद्ध केला. डच भाषेतही या भावनेसाठी दोन वेगळे शब्द आहेत. पहिल्या प्रकारात माणसाला समोरच्याच्या पातळीवर जावंसं वाटतं, तर दुसऱ्यात समोरच्याला खाली खेचावंसं वाटतं. २०११ च्या पुढच्या अभ्यासात असं दिसलं की, पहिल्या प्रकारचा हेवा माणसाला जास्त मेहनत करायला लावतो. नुसत्या कौतुकाने हे होत नाही. अट एकच, ती गोष्ट आपल्यालाही जमू शकते असं वाटलं पाहिजे.

मग वर्गमित्राचाच हेवा का वाटतो?

सचिन तेंडुलकरने छंदाचं करिअर केलं म्हणून आपली झोप उडत नाही. शेजारच्या बाकावर बसणाऱ्याने केलं की उडते. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ लिऑन फेस्टिंजर यांनी १९५४ मध्ये सामाजिक तुलनेचा सिद्धांत मांडला. माणूस स्वतःला जोखण्यासाठी आपल्यासारख्याच माणसाशी तुलना करतो, असं त्यांचं म्हणणं. गाव तेच, कॉलेज तेच, एटीकेटीसुद्धा सारख्याच. मग तो जंगलात आणि मी क्युबिकलमध्ये का, हा प्रश्न टोचतो.

मोबाइलमुळे यात आणखी एक अडचण झाली आहे. नोकरी सोडून यशस्वी झालेले आपल्याला रोज दिसतात. नोकरी सोडून वर्षभरात परत आलेले रील टाकत नाहीत. त्यामुळे जे दिसतं त्यावरून काढलेला हिशेब चुकतो.

या लेखासाठी मी त्या फोटोग्राफर मित्राला फोन केला. पावसाळ्यात सफारी बंद असते, तेव्हा तो बारशांचे आणि वाढदिवसांचे फोटो काढतो. लेन्सचे हप्ते अजून सुरू आहेत. “पंधरा सेकंदांच्या त्या रीलसाठी अकरा दिवस गेले,” तो म्हणाला. नोकरी सोडल्याचा पश्चात्ताप आहे का, असं विचारल्यावर मात्र त्याने लगेच “नाही” म्हटलं. मग विचारलं, “तुमच्याकडं पगार अजून एक तारखेलाच होतो ना?”

छंदाचे पैसे मिळू लागले की काय होतं?

अमेरिकेतल्या मार्क लेपर, डेव्हिड ग्रीन आणि रिचर्ड निस्बेट यांचा १९७३ चा प्रयोग यासाठी प्रसिद्ध आहे. बालवाडीतली, रंगीत मार्करने चित्रं काढायला आवडणारी मुलं त्यांनी निवडली. काही मुलांना आधीच सांगितलं, चित्र काढलं तर प्रमाणपत्र मिळेल. काहींना काहीच सांगितलं नाही. एक-दोन आठवड्यांनी मार्कर पुन्हा वर्गात ठेवले, या वेळी बक्षिसाविना. बक्षिसाच्या बोलीवर चित्र काढलेल्या मुलांनी इतरांच्या तुलनेत साधारण निम्माच वेळ चित्रांना दिला.

म्हणजे मनापासून होणाऱ्या गोष्टीला मोबदला जोडला की तिच्याकडे पाहण्याची नजर बदलू शकते. याचा अर्थ पैसे घेऊ नयेत असा नाही. आवडीच्या कामालाही ग्राहक येतो, मुदत येते, टार्गेट येतं, एवढंच. मी रोज लिहितो, पण विषय मी निवडत नाही. तो सकाळच्या ट्रेंडिंग यादीत येतो. आपण दुसऱ्याच्या छंदाचा हेवा करतो, तेव्हा हा भाग आपल्या डोळ्यांसमोर नसतो.

नोकरी सोडल्याशिवाय छंदाचं काही होतं का?

याचं उत्तर विदर्भातच आहे. डॉ. वसंतराव देशपांडे यांचा जन्म १९२० चा, अकोला जिल्ह्यातल्या मूर्तिजापूरचा. आईने त्यांना नागपुरात वाढवलं आणि गाण्याचं सुरुवातीचं शिक्षणही तिथेच शंकरराव सप्रे यांच्याकडे झालं. लहानपणीच त्यांनी भालजी पेंढारकरांच्या ‘कालिया मर्दन’ या चित्रपटात कृष्णाची भूमिका केली. अशा मुलाचं पुढे काय झालं? त्याने लष्कराच्या हिशेब खात्यात कारकुनी केली. वर्ष-दोन वर्षं नाही, सुमारे दोन तपं.

त्या काळात गाणं थांबलं नाही. पण पोटापाण्याची जबाबदारी त्यांनी गाण्यावर टाकली नाही. नोकरी सुटली ती चाळिशी उलटून गेल्यावर. १९६७ मध्ये नागपूरचेच पुरुषोत्तम दारव्हेकर यांचं ‘कट्यार काळजात घुसली’ रंगभूमीवर आलं. संगीत पं. जितेंद्र अभिषेकी यांचं होतं, आणि वसंतरावांचे खाँसाहेब महाराष्ट्राच्या घराघरात पोहोचले. १९८३ मध्ये त्यांचं निधन झालं. म्हणजे पूर्णवेळ गायक म्हणून त्यांना दोन दशकंही मिळाली नाहीत.

२०२२ मध्ये त्यांच्यावर ‘मी वसंतराव’ हा चित्रपट आला. त्यात त्यांची भूमिका नातू राहुल देशपांडे यांनीच केली. आज वसंतरावांचा हेवा करताना आपल्याला खाँसाहेब आठवतात, हिशेबाची वही आठवत नाही. अर्थात, ती वर्षं गाण्याला मिळाली असती तर काय झालं असतं, ही हळहळही खरीच. नोकरीची किंमत त्यांनी मोजली आणि छंदाचीही.

आजची आकडेवारीही घाई न करण्याच्या बाजूने आहे. जोसेफ रॅफी आणि जी फेंग यांनी अमेरिकेतल्या उद्योजकांचा अभ्यास केला. तो २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. आधी नोकरी सांभाळत व्यवसाय सुरू करून मग पूर्णवेळ त्यात उतरलेल्यांचा व्यवसाय बंद पडण्याचा धोका थेट नोकरी सोडणाऱ्यांपेक्षा सुमारे ३३ टक्के कमी होता.

मला तर कसली पॅशनच नाही, मग?

हा प्रश्न अनेकांना छळतो, पण कुणी मोठ्याने विचारत नाही. पॉल ओकीफ, कॅरल ड्वेक आणि ग्रेगरी वॉल्टन यांच्या २०१८ च्या संशोधनात याचं दिलासादायक उत्तर आहे. आवड ही आधीपासून कुठेतरी दडलेली असते, फक्त सापडायला हवी, असं मानणारे लोक विषय अवघड झाला की लवकर सोडून देतात. आवड घडवता येते असं मानणारे जास्त टिकतात.

वर्ध्याला हे नवीन वाटायला नको. २२ आणि २३ ऑक्टोबर १९३७ रोजी महात्मा गांधींच्या अध्यक्षतेखाली इथेच शिक्षण परिषद झाली. पुढे डॉ. झाकीर हुसेन यांच्या समितीने आराखडा केला आणि ‘नई तालीम’ उभी राहिली. हाताने एखादं काम करावं आणि त्यातूनच शिकावं, हा तिचा गाभा. सूत कातायची ‘पॅशन’ आहे का, हे मुलाला आधी विचारत नसत. चरखा हातात येई. कुणाला त्यातून गणितात रस वाटे, कुणाला कापसात. आधी हात, मग आवड, असाही क्रम असू शकतो.

हेवा वाटला तर स्वतःला हे चार प्रश्न विचारा

१. मला त्याचं काम हवं आहे की त्याच्या कामाचे फोटो? बोरच्या जंगलात अकरा दिवस थांबायची तयारी आहे का?

२. ही गोष्ट पैसे आणि लाइक्स न मिळताही मी केली असती का?

३. यावर घर चालायला किती महिने लागतील आणि तोवर घर कोण चालवेल? हे घरच्यांशी बोललो आहे का?

४. नोकरी न सोडता या आठवड्यात दोन तास काढता येतील का? तेही निघत नसतील, तर अडचण नोकरीची आहे की आणखी कशाची?

दुसऱ्या प्रश्नाला माझं उत्तर ‘हो’ होतं, चौथ्याला आजवर ‘नाही’. गेल्या महिन्यात तबलावाल्या मित्राचा मेसेज आला. तो आता गुरुवारी कॉलनीतल्या भजनी मंडळात वाजवतो. मानधन म्हणून एक नारळ मिळतो. हात अजून जड आहेत, म्हणाला, पण बोल आठवतात.

मी त्याला लिहिलं, “तुझा हेवा वाटतो.” या वेळी शब्द विचार करून वापरला होता. गुरुवारी माझी रात्रपाळी असते. रविवारची सकाळ मात्र मोकळी आहे.