अर्थाविना भाषा : ‘माग्मा’ची एक संगीतकृती

शब्दांचा अर्थ ठाऊक नसता केवळ त्यांच्या ध्वनींनी गीताचा आशय श्रोत्यापर्यंत पोहोचू शकतो काय, हा प्रश्न भाषाशास्त्र व संगीतशास्त्र या दोहोंच्या सीमेवरचा आहे. ‘माग्मा’ या फ्रेंच वृंदाची ‘मेकानिक देस्त्रुक्तिव कोमांदो’ (१९७३) ही प्रोग्रेसिव्ह रॉक शैलीतील कृती त्या दृष्टीने अभ्यसनीय ठरते.

वृंदाचा संस्थापक क्रिस्तियाँ वांदेर हा ड्रमवादक. पृथ्वी सोडून कोबाइया नामक ग्रहावर वसलेल्या मानवांची कथा त्याने १९७० च्या पहिल्या ध्वनिमुद्रिकेपासून मांडली व त्यांच्यासाठी ‘कोबाइयन’ भाषा निर्मिली. फ्रेंच भाषा या संगीतास पुरेशी भाववाही नाही, असे त्याचे मत होते. त्याची संगती लावता येते. फ्रेंचमध्ये आघात प्रायः पदसमूहाच्या अंती पडतो. वांदेरच्या लयीस मात्र अक्षराक्षरावर प्रहार हवा होता. म्हणूनच कोबाइयनमध्ये क्, त्, द् या स्पर्शवर्णांचे प्राबल्य आढळते. व्यंजन हेच येथे जणू तालवाद्याचे कार्य करते.

संगीतरचनाही याच तत्त्वावर उभी आहे. सात खंड परस्परांत अखंड मिसळतात. आखूड स्वरवाक्यांची दीर्घ पुनरावृत्ती, समूहगान, पितळी वाद्ये आणि यानिक तोप याचे भारदस्त बास गिटारवादन यांतून आवेग क्रमशः चढत जातो. कार्ल ऑर्फची समूहगीते व जॉन कोल्ट्रेनचे जॅझ या दोहोंचे संस्कार येथे जाणवतात. या शैलीस पुढे ‘झॉइल’ हे कोबाइयन नावच रूढ झाले.

मग कोबाइयन ही भाषा म्हणावी काय? तराण्यातील बोलांहून ती भिन्न आहे, कारण तिच्यातील काही शब्दांना कर्त्याने अर्थ दिले आहेत. ‘झॉइल’ म्हणजे ‘दिव्य’. तथापि तिला दैनंदिन व्यवहारात बोलणारा समाज नाही. यास्तव तिला गायनार्थ रचलेली काव्यभाषा म्हणणे अधिक युक्त होय.

परंतु कोशातील अर्थ वगळला म्हणून ध्वनी निरर्थ होत नाहीत. जर्मनसदृश उच्चार, काळा वेष व कवायती लय यांमुळे या वृंदावर फॅसिस्ट वृत्तीचा आरोप झाला. १९४० ते १९४४ या काळात जर्मन अंमल सोसलेल्या देशात हे ध्वनी निष्पाप राहू शकत नव्हते. ग्रह कल्पित असला, तरी ऐकणारे कान इतिहासातलेच होते. नवी भाषा रचणाऱ्यास शब्द नवे घडविता येतात. श्रोत्याची ध्वनिस्मृती मात्र नव्याने घडविता येत नाही.